कर्जाचा हप्ता अख्खा खर्चात टाकला तरी तेरीज जुळली, मग चुकलं कुठं?

खतावणी_शिकतेय

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, मी कॉमर्सवाली नाही. मैत्रिणीने छोटा व्यवसाय सुरू केला आणि "तुझं गणित बरंय ना" म्हणत हिशेबाची वही माझ्या गळ्यात घातली. पुस्तक वाचून वाचून रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची नोंद) लिहिली, खतावणी केली (त्या नोंदी एकेका खात्यात नेल्या), तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिल्लकांची यादी, दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात) काढली आणि ती पहिल्याच फटक्यात जुळली!! एक दिवस हवेत होते. मग नफा-तोटा काढला तर दणकून तोटा, आणि मैत्रीण म्हणते शक्यच नाही, बँकेत पैसे आहेत, माल विकला जातोय, तोटा कुठून आला.

मी काय काय केलंय ते लिहिते, हसू नका.

तिने 50,000 स्वतःचे घातले, ते बँक नावे (डेबिट), भांडवल जमा (क्रेडिट). इथपर्यंत ठीक असावं. मग 1,00,000 चं कर्ज घेतलं, वर्षाला 12 टक्के, 12 हप्ते, प्रत्येक हप्ता 8,885. पण खात्यात 98,000 च आले कारण 2,000 प्रोसेसिंग फी आधीच कापली, म्हणून मी बँक नावे 98,000, कर्ज जमा 98,000 असं लिहिलं. 80,000 चं मशीन घेतलं ते खरेदी खात्यात टाकलं (खरेदीच केली ना?). तीन हप्ते गेले, त्यासाठी "हप्ता खर्च" असं खातं उघडलं, त्यात 26,655 झाले. शिवाय तिने मधे दोनदा घरचं बिल व्यवसायाच्या खात्यातून भरलं, ते "इतर खर्च".

आता प्रश्न असा की तेरीज जुळली म्हणजे सगळं बरोबर ना? आणि हप्त्यातलं व्याज वेगळं काढायचं असतं असं कुठेतरी वाचलं ते कसं काढायचं, कर्ज देणाऱ्याने तर हप्त्याचा एकच आकडा सांगितलाय.

जुना_कारकून

हसणार कशाला, या चुका केल्याशिवाय कोणी हिशेब शिकलेला मी तरी पाहिला नाही. पहिल्या नोकरीत मी अख्खं कर्ज उत्पन्नात दाखवलं होतं, साहेबांनी वही परत ढकलली आणि एवढंच विचारलं, "हे परत द्यायचंय का आपल्याला?" बस्स.

तेरीज जुळणं म्हणजे फक्त एवढंच की जेवढं नावे टाकलं तेवढंच जमा टाकलं. कुठल्या खात्यात टाकलं ते तेरजेला कळत नाही. तुम्ही मशीन खरेदीत टाका नाहीतर चहापाण्यात, ती जुळणारच. एखादा व्यवहार लिहायचाच राहिला तरी जुळेल, आणि दोन चुका एकमेकींना खाऊन टाकत असतील तरी जुळेल. तुमच्या चुका तत्त्वाच्या आहेत, बेरजेच्या नाहीत, म्हणून त्या लपल्या.

आता एकेक घेऊ.

मशीन: खरेदी खातं हे विकायला आणलेल्या मालासाठी, किंवा माल बनवायला लागणाऱ्या कच्च्या मालासाठी. मशीन विकायचं नाहीये, वापरायचंय, ती मालमत्ता. तुम्ही खरेदीत टाकलं म्हणजे 80,000 एका वर्षात नफ्यातून उडाले. दुरुस्तीची नोंद करा, यंत्र खाते नावे 80,000, खरेदी खाते जमा 80,000. मग त्याचं आयुष्य ठरवून दरवर्षी घसारा, म्हणजे किमतीचा त्या वर्षाच्या वाट्याचा भाग, तेवढाच खर्च. तोट्यातला मोठा वाटा इथेच सापडेल बघा.

घरचं बिल: तो व्यवसायाचा खर्च नाहीच. मालकिणीने व्यवसायातून पैसे काढून स्वतःसाठी वापरले, म्हणजे उचल. उचल खाते नावे, इतर खर्च जमा. वर्षाच्या शेवटी उचल भांडवलातून वजा होते, नफ्याला हात लावत नाही. मैत्रिणीला सांगा राग नको, पण हिशेबाच्या दृष्टीने ती आणि तिचा व्यवसाय ही दोन वेगळी माणसं आहेत, हे एकदा डोक्यात बसलं की नावे-जमाचे अर्धे घोळ आपोआप सुटतात.

हप्त्याचं सविस्तर लिहितो पण आता जेवून येतो.

तेरीजबहाद्दर

कारकून साहेब जेवेपर्यंत मी हप्त्याचं घेतो, माझा आवडता विषय आहे.

हप्ता ही एक रक्कम दिसते पण तिच्या पोटात दोन गोष्टी असतात. एक मुद्दल, म्हणजे तुमच्याकडे आलेले दुसऱ्याचे पैसे परत करणं, हा खर्च नव्हे, देणं कमी होतंय फक्त. दुसरं व्याज, म्हणजे ते पैसे तेवढे दिवस वापरल्याचं भाडं, हा खर्च. अख्खा हप्ता खर्चात टाकला की दुसऱ्याचे पैसे परत देण्यालाच तुम्ही खर्च म्हणताय. मग घेतले तेव्हा उत्पन्न का नाही म्हटलं?

काढायचं कसं: दर महिन्याला जेवढं मुद्दल शिल्लक आहे त्यावर महिन्याचा दर. 12 टक्के वर्षाला म्हणजे महिन्याला 1 टक्का. पहिल्या महिन्यात 1,00,000 वर 1,000 व्याज, हप्ता 8,885, म्हणजे मुद्दल फिटलं 7,885, उरले 92,115. दुसऱ्या महिन्यात 92,115 वर 921 व्याज, मुद्दल 7,964, उरले 84,151. तिसऱ्यात 842 व्याज, मुद्दल 8,043, उरले 76,108. हप्ता तोच, पण आत व्याज घटत जातं आणि मुद्दल वाढत जातं.

म्हणजे तुमच्या 26,655 मधे खरं व्याज फक्त 2,763 आहे आणि 23,892 मुद्दल. दुरुस्ती: कर्ज खाते नावे 23,892, व्याज खाते नावे 2,763, हप्ता खर्च खाते जमा 26,655. ते "हप्ता खर्च" नावाचं खातं कायमचं बंद करून टाका, त्या नावातच घोळ आहे.

पुढच्या हप्त्यापासून सरळ एकच नोंद करायची, व्याज नावे, कर्ज नावे, बँक जमा. आणि कर्ज देणाऱ्याकडून हप्त्यांचा तक्ता मागून घ्या, प्रत्येक महिन्याची फोड त्यात तयारच असते, विचारल्याशिवाय बरेचदा देत नाहीत.

अवांतर: दर "फ्लॅट" आहे की घटत्या शिल्लकेवर ते नक्की बघा. 12 टक्के फ्लॅट असता तर पूर्ण 1,00,000 वर वर्षभर 12,000 व्याज लागलं असतं आणि हप्ता 9,333 आला असता, आणि घटत्या शिल्लकेच्या भाषेत तो दर जवळपास साडेएकवीस टक्के पडतो. तुमचा हप्ता 8,885 आहे म्हणजे घटत्या शिल्लकेवरच आहे, सुटलात.

खतावणी_शिकतेय

बापरे. म्हणजे तोटा होता तो मीच तयार केला होता. धन्यवाद दोघांनाही!

दोन शंका राहिल्यात. फीचे 2,000 कुठे टाकायचे, ते माझ्या वहीत कुठेच नाहीत. आणि आमचं वर्ष महिनाअखेरीस संपतंय, हप्ता दर महिन्याच्या 10 तारखेला जातो, तिसरा हप्ता 10 ला गेला, चौथा पुढच्या वर्षात जाईल. म्हणजे 10 पासून 31 पर्यंतचं व्याज पुढच्या वर्षातच लिहायचं ना, पैसे तेव्हाच जाणार आहेत?

जुना_कारकून

जेवलो. बहाद्दरांनी नीट सांगितलंय, एवढंच की या दुरुस्तीच्या नोंदी पेनाने लिहा, पेन्सिलीने नको, आणि प्रत्येक दुरुस्तीच्या नोंदीखाली कंसात का केली ते एका ओळीत लिहा. सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही की 23,892 हा आकडा कुठून पडला.

व्याजाचं: नाही, पैसे कधी जातात यावर खर्च ठरत नाही. 10 पासून 31 पर्यंत 21 दिवस तुम्ही ते पैसे वापरलेत, भाडं चढलंय, फक्त दिलं नाहीये. मग ते या वर्षाचंच. 76,108 गुणिले 12 टक्के भागिले 365 गुणिले 21, साधारण 525 येतात. नोंद, व्याज खाते नावे 525, देणे व्याज खाते जमा 525. देणे व्याज ताळेबंदात (मालमत्ता आणि देण्यांच्या तक्त्यात) देण्यांच्या बाजूला बसतं.

आता गंमत पुढच्या महिन्यात. चौथ्या हप्त्यात व्याज 761 आणि मुद्दल 8,124. पण 761 पैकी 525 तुम्ही आधीच या वर्षी खर्ची टाकलेत. म्हणून तेव्हा नोंद अशी, कर्ज नावे 8,124, देणे व्याज नावे 525, व्याज नावे 236, बँक जमा 8,885. बेरीज करून बघा, जुळते. इथे बरेच जण विसरतात आणि तेच 525 दोनदा खर्चात जातात, एकदा या वर्षी आणि एकदा पुढच्या.

फीचं मला सोपं वाटतं. कर्ज 1,00,000 चंच आहे, फेडायचे तेवढेच आहेत, 98,000 नाही. म्हणून प्रोसेसिंग फी खाते नावे 2,000, कर्ज खाते जमा 2,000, झालं. व्याजासारखाच कर्जाचा खर्च.

रिकामा_कॉलम

इथे थोडं थांबवतो. फी एकाच दिवशी खर्चात टाकणं छोट्या हिशेबात चालून जातं पण तत्त्व म्हणून बरोबर नाही. ती फी पहिल्या दिवसाची नाही, बाराही महिन्यांच्या कर्जाची किंमत आहे. कर्ज एका वर्षाचं नसून पाच वर्षांचं असतं आणि फी मोठी असती, तर पहिल्याच वर्षावर सगळं ओझं टाकणं म्हणजे पहिलं वर्ष उगाच वाईट दाखवणं.

आणि खरी गंमत सांगू का, मोठ्या कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे खतावणीताईंचा 98,000 हाच सुरुवातीचा आकडा बरोबर होता! तिथे कर्ज फी वजा करून लिहितात आणि मग असा दर शोधतात की पुढच्या सगळ्या हप्त्यांची आजची किंमत त्या दराने काढली की नेमके 98,000 येतील. त्याला प्रभावी व्याजदर म्हणतात. या कर्जात तो महिन्याला साधारण 1.32 टक्के निघतो, म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याज 1,000 नाही तर 1,295 च्या आसपास. वर्षाला जवळपास 16 टक्के. कागदावरचं 12 टक्क्यांचं कर्ज खरं एवढ्याला पडलं. एकूण बघा, हातात आले 98,000, परत जाणार 12 गुणिले 8,885 म्हणजे 1,06,620, फरक 8,620, हीच कर्जाची खरी किंमत, त्यात 2,000 फी आणि बाकी व्याज.

जुना_कारकून

मान्य, पण या बाईंना महिन्याला 1.32 टक्के काढायला लावू नका हो, दोन हजारासाठी. महत्त्व किती आहे हेही हिशेबात बघतातच की. हवं तर फी आगाऊ खर्च म्हणून ठेवून 12 महिन्यांत समान वाटा, महिन्याला 167. या वर्षात तीन हप्ते आणि वर 21 दिवस झालेत, तर तेवढाच भाग खर्चात, बाकी ताळेबंदात.

रिकामा_कॉलम

ते चालेल. फक्त एकदा जी पद्धत धरली तीच पुढच्या कर्जालाही धरा, दर वर्षी सोयीनुसार बदलू नका.

वाचनमात्र_होतो

धागा जरा भरकटवतोय, माफी. आमचे साहेब म्हणतात की मशीन कर्जाने घेतलं तर कर्जाचं व्याज मशीनच्याच किमतीत मिळवायचं, म्हणजे नफा कमी होत नाही. म्हणजे वरच्या केसमधे ते 2,763 मशीन खात्यात गेले पाहिजेत का? ऑफिसात कोणी विरोध करत नाही म्हणून इथे विचारतोय.

रिकामा_कॉलम

नाही, आणि तुमच्या साहेबांनी नियमाची अर्धी बाजू ऐकलीये.

आंतरराष्ट्रीय लेखा मानक 23 हे याच विषयाचं, उधारीचा खर्च. त्यात असं आहे की जी मालमत्ता वापरायला किंवा विकायला तयार व्हायलाच बराच मोठा काळ लागतो, तिच्या उभारणीच्या काळातलं व्याज तिच्या किमतीत धरायचं. इमारत, कारखाना, पूल, जहाज वगैरे. मशीन आणलं, जोडलं, आठवड्यात चालू झालं, त्याला हे लागू नाही, त्याचं व्याज सरळ खर्चात. पूर्वी इमारतीचं व्याजसुद्धा सरळ खर्चात टाकायची मुभा होती, ती 2007 च्या बदलाने काढली आणि 1 जानेवारी 2009 पासून लागू झालं, म्हणजे अशा मालमत्तेला आता व्याज किमतीत धरावंच लागतं. छोट्या संस्थांसाठी जे वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात उलट आहे, तिथे इमारत असो की काही, व्याज सगळं खर्चातच. तेव्हा आधी आपण कुठल्या चौकटीत हिशेब लिहितोय ते बघा आणि मग साहेबांशी बोला.

आणि धरायचं म्हणजे कधीपासून? तीन गोष्टी एकत्र हव्यात, मालमत्तेवर पैसे खर्च होऊ लागले पाहिजेत, व्याज चढायला लागलं पाहिजे आणि काम प्रत्यक्ष चालू पाहिजे. जमीन घेऊन नुसती पडीक ठेवली तर त्या काळातलं व्याज खर्चात. काम विनाकारण मोठा काळ थांबलं तर तेवढ्या काळाचं व्याजही खर्चात. पण नदीला पाणी चढल्यामुळे पुलाचं काम थांबलं, आणि त्या भागात त्या दिवसांत पाणी चढणं नेहमीचंच असेल, तर ते थांबणं कामाचाच भाग धरतात, व्याज किमतीत चालू राहतं. आणि मालमत्ता तयार झाली की त्या दिवशी थांबायचं, रंगाचे दोन हात राहिलेत म्हणून वर्षभर व्याज चढवत बसायचं नाही (हा प्रकार मी पाहिलाय).

उदाहरण घ्या. खास इमारतीसाठी 10,00,000 घेतले, 12 टक्के, महिन्याचं व्याज 10,000. बांधायला 9 महिने लागले, त्यातले 2 महिने मालकाचं मन बदललं म्हणून काम बंद होतं. काम चालू असताना न वापरलेले पैसे ठेवीत ठेवून 15,000 मिळाले. तर 7 महिन्यांचे 70,000 वजा 15,000, म्हणजे 55,000 इमारतीच्या किमतीत. बंद काळाचे 20,000 खर्चात. दहाव्या महिन्यापासून सगळं खर्चात.

वाचनमात्र_होतो

आणि खास कर्ज नसेल, एकाच थैलीतून सगळं चालत असेल तर?

रिकामा_कॉलम

मग सरासरी दर. समजा दोन कर्जं, 6,00,000 वर 10 टक्के आणि 4,00,000 वर 15 टक्के. दोन्हीकडून प्रत्येकी 60,000 व्याज, एकूण 1,20,000, भागिले 10,00,000 म्हणजे 12 टक्के. (10 आणि 15 ची सरळ सरासरी साडेबारा काढू नका, रकमा वेगळ्या आहेत.) इमारतीवर वर्षभरात सरासरी 3,00,000 अडकले असतील तर त्यावर 12 टक्के, 36,000 किमतीत, उरलेले 84,000 खर्चात. आणि किमतीत धरलेलं व्याज प्रत्यक्ष झालेल्या 1,20,000 च्या वर कधीच जाऊ शकत नाही.

आणि साहेबांना हेही सांगा की किमतीत टाकलं म्हणजे व्याज गायब होत नाही. इमारत वापरात आली की ते घसाऱ्यातून वर्षानुवर्षं बाहेर येतं. खर्च आज नाही, उद्या, एवढाच फरक.

तेरीजबहाद्दर

+1. खतावणीताई, तुम्ही हे वाचून घाबरू नका, तुम्हाला यातलं काही लागत नाहीये.

एक मात्र सांगून ठेवतो कारण पुढची चूक हमखास इथे होते. बँकेचं स्टेटमेंट बघून नोंदी करताना त्यांचं क्रेडिट म्हणजे तुमचं नावे. ते त्यांच्या वहीतून लिहितात, त्यांच्या दृष्टीने तुमचे पैसे म्हणजे त्यांचं देणं. पैसे आले की त्यांच्याकडे क्रेडिट, तुमच्या वहीत बँक नावे. मी सुरुवातीचा एक अख्खा महिना उलटा लिहिला होता, आणि तेरीज अर्थातच जुळली होती.

खतावणी_शिकतेय

चार दिवसांनी परत आले. सगळ्या दुरुस्त्या केल्या, मशीन यंत्र खात्यात, बिलं उचलीत, हप्ता फोडून, फी खात्यात. आणि आता तेरीज जुळत नाहीये!! नेमका 4,000 चा फरक. नावे बाजू जास्त. आधी चुकीचं होतं तेव्हा जुळत होती, आता बरोबर केलं तर जुळत नाही, हा काय न्याय आहे.

जुना_कारकून

फरक निम्मा करा. 2,000. तुमच्या वहीत 2,000 चा आकडा कुठे कुठे आहे?

कुठली तरी रक्कम चुकीच्या बाजूला गेली की फरक दुप्पट पडतो, म्हणून आधी निम्म्याला शोधायचं. ते नाही सापडलं तर फरकाला 9 ने भाग जातो का बघायचं, पूर्ण गेला तर बहुतेक कुठेतरी दोन अंक उलटे लिहिलेत, 6,380 चे 3,680 असं. तुमच्या 4,000 ला 9 ने भाग जात नाही, तेव्हा ते नाही.

खतावणी_शिकतेय

सापडलं. प्रोसेसिंग फी नावे लिहिली ते बरोबर, पण खतावताना कर्ज खात्यात पण नावेलाच टाकली, जमेला नाही. कर्जाची शिल्लक 72,108 दिसत होती, देणाऱ्याच्या तक्त्यात 76,108 आहे, हे तर मला आधीच दिसायला हवं होतं. बाजू बदलली, दोन्ही जुळले.

नफा थोडा आहे पण आहे. मैत्रिणीला अजून सांगितलं नाहीये, घसारा किती वर्षांत टाकायचा ते ठरवू दे आधी, नाहीतर परत तिला फोन करून "थांब, कमी झाला" म्हणायची वेळ यायची.